चिखलातली थंडी: तापणारा ध्रुवीय समुद्र आणि तळाचे सूक्ष्मजीव



मागच्या उन्हाळ्यात आई-बाबा भारतातून आले होते, तेव्हा त्यांना घेऊन आम्ही कुक्सहाफेनला गेलो. ओहोटीला तिथला समुद्र कित्येक किलोमीटर मागे सरतो आणि उघड्या पडलेल्या चिखलातून लोक अनवाणी चालत निघतात. हौशी मंडळी तर १० किलोमीटरवरच्या नॉयव्हेर्क बेटापर्यंत जातात. या चिखलपट्ट्याला जर्मनमध्ये 'वाट' म्हणतात. पहिल्या पाच मिनिटांतच माझ्या पॅंटची त्या 'वाटे'ने वाट लावली, हा विनोद घरात अजून चालू आहे.

पण सांगायचं आहे ते वेगळंच. मुलीने पायाच्या अंगठ्याने चिखल उकरला. वरचा थर तपकिरी होता, दोन बोटं खाली मात्र काळाकुट्ट. आणि तो उकरताच जो वास आला, त्यावर बाबा ताबडतोब म्हणाले, "अरे, ही तर माहीमची खाडी!" तीस वर्षं पश्चिम रेल्वेने प्रवास केलेल्या माणसाचं नाक आहे ते, चुकणार नाही. सडक्या अंड्याचा तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. माहीम असो की कुक्सहाफेन, तो वायू बनवणारे कारागीर एकाच जातकुळीचे आहेत: सल्फेटवर श्वास घेणारे जीवाणू.

घरी परतताना गाडीत बाबांनी विचारलं, "तिकडे उत्तर ध्रुवाकडे समुद्राच्या तळाशी पण असाच चिखल असतो का रे? आणि समुद्र तापतोय म्हणतात, मग तिथेही असाच वास सुटणार का?" प्रश्न साधा वाटला, पण उत्तराने मला दोन महिने कामाला लावलं. गंमत म्हणजे या प्रश्नावरचं कितीतरी मूलभूत काम आपल्या शेजारीच, ब्रेमेन आणि ब्रेमरहाफेनमध्ये झालं आहे. आजचा लेख त्याबद्दल.

हवेशिवाय श्वास

आधी थोडी उजळणी. आपण अन्न खातो, ऑक्सिजन घेतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो. समुद्रतळाच्या गाळातले सूक्ष्मजीवही तेच करतात, पण त्यांच्यापाशी ऑक्सिजन फार नसतो. किनाऱ्याजवळच्या गाळात तो वरच्या काही मिलिमीटरपुरताच पोचतो, कारण वर बसलेले जीव तो आधीच संपवतात. खालच्यांनी काय करायचं? त्यांनी पर्याय शोधले. कोणी नायट्रेट वापरतं, कोणी लोखंडाचा गंज, आणि सगळ्यात मोठी फौज वापरते सल्फेट. समुद्राच्या पाण्यात मिठाखालोखाल सल्फेट भरपूर आहे, ते सहसा संपत नाही. ऑक्सिजन वापरून आपण जसं पाणी तयार करतो, तसं हे जीवाणू सल्फेट वापरून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. तो वायू गाळातल्या लोखंडाशी जुळला की काळं लोह सल्फाइड बनतं. दोन बोटं खालचा तो काळा रंग याचाच.

डॅनिश शास्त्रज्ञ बो बार्कर योर्गेनसेन यांनी १९८२ मध्येच हिशेब मांडला होता की किनारी समुद्राच्या गाळात जेवढं सेंद्रिय द्रव्य कुजतं, त्यातलं निम्म्यापर्यंत या सल्फेटवाल्यांच्या वाट्याचं असतं. पुढे १९९२ मध्ये ब्रेमेनला माक्स प्लांक संस्थेची सागरी सूक्ष्मजीवशास्त्राची शाखा निघाली, तेव्हा योर्गेनसेन तिचे संस्थापक-संचालकांपैकी एक होते.

हे जीवाणू महत्त्वाचे का? समुद्राच्या वरच्या थरात शेवाळं वाढतात, मरतात, आणि त्यांचे अवशेष भुरभुर बर्फासारखे खाली पडत राहतात. तळाशी पोचलेल्या या कार्बनचं पुढे दोनपैकी एक होतं. एकतर तो गाळात गाडला जातो आणि लाखो वर्षं हिशेबातून बाद होतो, किंवा सूक्ष्मजीव त्याचं पुन्हा कार्बन डायऑक्साइड करतात आणि तो पाण्यात परततो. किती गाडायचं आणि किती परत करायचं, हे ठरवणारे कारकून म्हणजे हे जीवाणू. समुद्र तापला तर कारकुनांचा कामाचा वेग बदलेल का, हा खरा प्रश्न.

थंड म्हणजे मंद?

इथे आपल्या सगळ्यांची पहिली समजूत चुकते. माझीही चुकली. जर्मनीत पहिल्या हिवाळ्यात दही लावायला गेलात तर अनुभव येतो: पुण्यात सहा तासांत लागणारं दही इथल्या थंड स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दूधच राहतं. मग कोणी ओव्हनचा दिवा लावून ठेवतं, कोणी भांडं शालीत गुंडाळून हीटरपाशी. तापमान १० अंशांनी वाढलं की बहुतेक जैविक क्रियांचा वेग दुप्पट-तिप्पट होतो, हा ढोबळ नियम दह्यालाही लागू पडतो.

त्यावरून वाटतं की शून्य अंशाच्या चिखलात सगळं जवळजवळ थांबलेलं असणार. पण १९९० च्या दशकात ब्रेमेनच्या मंडळींनी स्वालबार्डच्या फियोर्डांतून गाळ आणून मोजमाप केलं तेव्हा उलटंच दिसलं. स्वालबार्ड म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेचा, साधारण ७४ ते ८१ अक्षांशांवरचा द्वीपसमूह. तिथला तळ वर्षभर शून्याच्या आसपास असतो. तरीही तिथल्या गाळात सल्फेट वापरण्याचा वेग समशीतोष्ण समुद्रांच्या गाळाशी तुलना व्हावी असा निघाला. म्हणजे तिथले जीवाणू थंडीत कुडकुडत कसेबसे जगत नव्हते. थंडी हेच त्यांचं घर होतं.

हे कसं जमतं? तूप आणि तेल आठवा. जानेवारीत तुपाचा डबा दगड होतो, गोडेतेल मात्र वाहतं राहतं. फरक मेदाम्लांच्या रचनेचा. थंडीप्रिय जीवाणू आपल्या पेशीच्या आवरणात 'तेलकट' मेदाम्लं जास्त ठेवतात, म्हणजे आवरण थिजत नाही. त्यांची विकरं, म्हणजे रासायनिक काम करणारी प्रथिनं, जरा सैल बांध्याची असतात. कमी उष्णतेतही ती वाकू-वळू शकतात. पण सैल बांध्याची वस्तू उन्हात लवकर विस्कटते. थंडीतल्या कौशल्याची किंमत त्यांना उष्णतेत मोजावी लागते, आणि पुढची सगळी गोष्ट या एका व्यवहारावर उभी आहे.

स्वालबार्डच्या याच गाळातून १९९९ च्या सुमारास काही नवे जीवाणू वेगळे काढले गेले. त्यातला एक डिसल्फोटॅलिया सायक्रोफिला. उणे १.८ अंशालाही तो वाढतो, म्हणजे समुद्राचं पाणी गोठायच्या काठावर. २००४ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. त्याला सगळ्यात मानवतं ते १० अंशाच्या आसपास. आपण स्वेटर शोधायला लागतो तिथे त्याची चंगळ सुरू होते.

हे जीव दुर्मीळ, कुठल्यातरी कोपऱ्यातले आहेत असंही समजू नका. जगाच्या समुद्रतळाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग कायम ४ अंशांपेक्षा थंड आहे. गोव्याच्या किनाऱ्यापासून पुरेसे आत गेलात तर अरबी समुद्राचा खोल तळसुद्धा फ्रिजइतकाच गार असतो. पृथ्वीचा हिशेब घेतला तर विचित्र आपणच आहोत.

दोन वर्षं, तीन तापमानं, दोन चिखल

आता तो प्रयोग, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. तो २००९ मध्ये 'एन्व्हायर्न्मेंटल मायक्रोबायोलॉजी' या नियतकालिकात आला. लेखक तिघे: अल्बर्टो रोबाडोर, फोल्कर ब्रुखर्ट आणि वर उल्लेख आलेले योर्गेनसेन. कल्पना इतकी साधी की आपल्याला का सुचली नाही असं वाटावं.

त्यांनी दोन ठिकाणचा चिखल घेतला. एक वायव्य स्वालबार्डचा, ज्याने कधी ऊन पाहिलंच नाही. दुसरा जर्मन उपसागराचा, म्हणजे कुक्सहाफेन ज्याच्या काठावर आहे त्याच उत्तर समुद्राच्या कोपऱ्यातला, ज्याला हिवाळ्याची थंडी आणि उन्हाळ्याची ऊब दोन्ही दरवर्षी भोगावी लागते. दोन्ही चिखल ०, १० आणि २० अंशांवर ठेवले. आणि मग थांबले. एक-दोन दिवस नाही, तब्बल २४ महिने.

मधूनमधून त्यातला थोडा गाळ काढून त्याची परीक्षा व्हायची. त्यासाठी धातूचा एक लांब ठोकळा असतो, एका टोकाला थंड, दुसऱ्या टोकाला गरम. ठोकळ्याला भोकं असतात आणि प्रत्येक भोकात गाळाची नळी. या प्रयोगात एक टोक उणे साडेतीन अंशांवर होतं, दुसरं ४० वर. म्हणजे एकाच वेळी, एकाच गाळाची, डझनावारी तापमानांवर चाचणी. नळ्यांत किरणोत्सारी गंधक असलेलं सल्फेट थेंबभर घालायचं आणि त्यातलं किती सल्फाइड झालं ते मोजायचं. जीवाणू किती 'श्वास' घेतायत याचं हे थेट माप. त्यातून कळतं की या घडीला या समूहाचं आवडतं तापमान कोणतं.

निकाल काय? जर्मन उपसागराच्या चिखलाला फारसा फरक पडला नाही. ना वेगात मोठा बदल, ना जीवाणूंच्या संख्येत. हिवाळ्यात ३-४ अंश आणि उन्हाळ्यात १८-२० बघणाऱ्या या मंडळींना २० अंशांचं काय कौतुक? आमच्या एका नागपूरच्या मित्रासारखं. बर्लिनला ३७ अंश झाले तेव्हा सगळं शहर हवालदिल आणि हा चहा पीत बसलेला.

स्वालबार्डच्या चिखलाची गोष्ट गुंतागुंतीची निघाली, आणि मला ती त्यामुळेच जास्त आवडते. ऊब मिळालेल्या गाळाचं आवडतं तापमान महिन्यागणिक हळूहळू वर सरकलं. याचा सरळ अर्थ असा की उष्णता सोसणारे जे थोडे होते त्यांना बरे दिवस आले. पण त्याच वेळी, दोन वर्षं उबेत काढूनही, थंड टोकाच्या नळ्यांमध्ये कामाचा वेग चांगलाच होता. म्हणजे थंडीवाले संपले नव्हते. बहुमत अजून त्यांचंच होतं. तिसरं निरीक्षण असं की तापमान वाढवल्याचा सुरुवातीला सल्फेट-श्वसनावर वाईट परिणाम दिसला आणि काळ गेला तसा तो सौम्य झाला. जुनी माणसं जाऊन नवी आली म्हणून की जुनीच सरावली म्हणून? लेखकांनी दुसरी शक्यता मोकळेपणाने मांडली आहे.

एवढ्यावर थांबून 'जीवाणू जुळवून घेतात, चिंता नको' असं म्हणता आलं असतं. पण त्यांनी गाळातल्या कुळांची शिरगणतीही केली. जीवाणूंच्या ठरावीक कुळाला चिकटणारा चमकता रेणू सोडायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली चमकणारे ठिपके मोजायचे, अशी ही पद्धत. तीत दिसलं की सल्फेटवाल्यांमधली काही विशिष्ट कुळं उबेत घटली होती. कारखाना चालू होता, कामगार मात्र बदलत होते. वेग मोजणाऱ्या यंत्राला हे दिसत नाही, म्हणून शिरगणती हवी.

एक सावधगिरी. २० अंश हा काही स्वालबार्डच्या तळाचा अंदाज नाही. तिथे वाढ होतेय ती काही अंशांची. या प्रयोगाकडे हृदयरोगतज्ज्ञाच्या ट्रेडमिलसारखं बघावं: रोज कोणी तसं धावत नाही, पण धावल्यावर दोष दिसतो. शिवाय प्रयोगशाळेतल्या गाळाच्या डोक्यावर समुद्र नसतो. आणि खरी अडचण तिथेच आहे.

वरून काय पडतं, त्यावर सगळं

खोल तळाच्या दृष्टीने पाण्याची ऊब ही दुय्यम बाब आहे. अडीच हजार मीटर खाली तापमान शून्याखालीच असतं, आणि तिथली वाढ आतापर्यंत दशांश अंशांत मोजायची. पण वरून पडणारं अन्न मात्र झपाट्याने बदलू शकतं.

हे समजलं ते 'हाउसगार्टन'मुळे. घरामागची बाग असा या शब्दाचा अर्थ. ब्रेमरहाफेनच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेने १९९९ मध्ये फ्राम सामुद्रधुनीत, म्हणजे ग्रीनलंड आणि स्वालबार्डच्या मधल्या पाण्यात, ही 'बाग' सुरू केली. अडीचशे मीटरपासून साडेपाच हजार मीटर खोलीपर्यंत ठरलेली ठिकाणं आहेत आणि जवळपास दर उन्हाळ्यात 'पोलारश्टेर्न' ही बर्फफोडी बोट तिथे जाऊन त्याच जागांवरून गाळाचे नमुने घेते. १९८२ मध्ये सेवेत आलेली ही बोट अजून राबते आहे. हे काम कंटाळवाणं आहे, वर्तमानपत्रात यावं असं नाही, आणि म्हणूनच मोलाचं आहे. एका वर्षाच्या नमुन्याने काही कळत नाही. कळतं ते पंधरा-वीस वर्षं त्याच खिडकीतून बघत बसल्यावर.

फ्राम सामुद्रधुनी निवडण्याचं कारण: अटलांटिकचं उबदार पाणी स्वालबार्डच्या पश्चिम अंगाने इथूनच उत्तरेत शिरतं आणि ग्रीनलंडच्या अंगाने बर्फ घेऊन थंड पाणी खाली उतरतं. २००५ ते २००७ दरम्यान इथे उबेची एक लाट आली. त्या काळात वरच्या पाण्यात डायॅटम, म्हणजे काचेच्या डबीत राहणारी वजनदार शेवाळं, कमी झाली आणि फियोसिस्टिससारखी लहान, चिकट गोळे करून राहणारी शेवाळं वाढली. डायॅटमची काच जड, ती लवकर बुडते. लहान शेवाळं वरच खाल्ली जातात किंवा रेंगाळतात. म्हणजे वर पाणी तापलं, आणि खाली पंक्तीतलं वाढप बदललं.

वाढप बदललं तर तळाच्या पाहुण्यांचं काय होतं? हॉफमान आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये याचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. हाउसगार्टनच्या खोल गाळाला त्यांनी तळासारख्याच परिस्थितीत २३ दिवस ठेवून वेगवेगळं जेवण दिलं. काहींना कायटिन, म्हणजे कोळंबीच्या कवचात असतं ते द्रव्य, आणि काहींना आर्क्टिक शेवाळं. कायटिन दिल्यावर जीवाणूंचं काम वाढलं, पण मंडळी साधारण तीच राहिली. शेवाळं दिल्यावर मात्र मंडळीच बदलली: एरवी मागच्या रांगेत असणारी काही कुळं भराभर वाढून पुढे आली. म्हणजे फक्त किती पडतं याला अर्थ नाही. काय पडतं यावर कोण जगणार ते ठरतं.

याचं सगळ्यात नाट्यमय उदाहरण २०१२ चं. त्या सप्टेंबरात आर्क्टिकचा बर्फ उपग्रहांच्या नोंदीतल्या नीचांकाला, सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरवर आला. नेमकी तेव्हा पोलारश्टेर्न मध्य आर्क्टिकमध्ये होती. मोहिमेच्या प्रमुख होत्या आंट्ये बोएटियुस, ज्या पुढे २०१७ मध्ये वेगेनर संस्थेच्या संचालक झाल्या. बर्फाच्या खालच्या बाजूला मेलोसिरा नावाचं डायॅटम वाढतं, त्याच्या जटा मीटर-मीटर लोंबत असतात. बर्फ पातळ झाला, वितळला, आणि या जटा सुटून थेट बुडाल्या. चार हजार मीटर खाली सोडलेल्या कॅमेऱ्यांना तळावर हिरवट ढिगारे दिसले, काही ठिकाणी तळाचा १० टक्क्यांपर्यंत भाग व्यापणारे. सरासरी दर चौरस मीटरला ९ ग्रॅम कार्बन. आपल्याला ९ ग्रॅम म्हणजे दोन चमचे साखर, पण त्या उपाशी वाळवंटात ती जत्रेची जिलबी होती. समुद्रकाकड्या त्यावर ताव मारत होत्या.

आणि जिथे ढीग पडला होता, तिथे जीवाणूंनी तो कुजवताना ऑक्सिजन इतका वापरला की ढिगाऱ्याखाली लहान लहान भाग ऑक्सिजनविना झाले. एरवी मध्य आर्क्टिकच्या खोल गाळात ऑक्सिजन बराच खोलवर पोचतो, कारण तो संपवायला अन्नच नसतं. म्हणजे बाबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे: हो, ध्रुवाच्या तळाशीही काळा डाग पडू शकतो, पण पाणी तापल्याने नव्हे, तर वरचा बर्फ वितळल्याने. पुढे बर्फच राहिला नाही तर या जटा वाढणार कशावर, हा प्रश्न त्याच्या मागोमाग येतोच.

मिथेनची भीती, आणि माझी चूक

जाता जाता मिथेनबद्दल, कारण हा विषय निघाला की कोणीतरी 'मिथेन बॉम्ब' म्हणतंच. काही वर्षांपूर्वी एका दिवाळीच्या कार्यक्रमात मीच म्हटला होता. स्वालबार्डच्या पश्चिमेला तळातून मिथेनचे बुडबुडे येतात, २००९ मध्ये अशा अडीचशेवर जागा सापडल्याची बातमी आली, आणि समुद्र तापल्यामुळे गोठलेलं मिथेन सुटतंय असा अंदाज मांडला गेला. मी तो सत्य म्हणून सांगून टाकला.

पुढे कीलच्या गेओमार संस्थेच्या क्रिस्टियान बेर्न्ट यांच्या गटाने तिथे जाऊन, यागो नावाच्या छोट्या पाणबुडीतून तळावरचे चुनखडीचे थर तपासले. मिथेन खाणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या कामातून असे थर हळूहळू साठतात. त्यांच्या वयावरून २०१४ मध्ये निष्कर्ष निघाला की ही गळती किमान तीन हजार वर्षं चालू आहे. म्हणजे ती माणसाने सुरू केलेली नाही. तापमानाशी संबंध नाही असंही नाही, कारण तळाचं पाणी ऋतूप्रमाणे एक-दोन अंशांनी बदलतं आणि गोठलेलं मिथेन त्याला दाद देतं. पण माझं दिवाळीतलं वाक्य चूक होतं.

यात सूक्ष्मजीवांची भूमिका विसरू नका. तळातून वर येणाऱ्या मिथेनचा बराच मोठा वाटा वाटेतच खाल्ला जातो, आणि तो खाणारी एक जोडी बोएटियुस यांच्याच गटाने २००० मध्ये दाखवून दिली: आत एक आर्किया, भोवती आपले सल्फेटवाले जीवाणू, दोघांची भागीदारी. एकट्याला जमत नाही असं काम ते मिळून करतात. मात्र ही जोडी फार सावकाश वाढते, एकाचे दोन व्हायला महिने लागतात. गळती अचानक वाढली तर चौकीदार तेवढ्या वेगाने वाढवता येत नाहीत. चिंता करायचीच असेल तर मी या वेगातल्या तफावतीची करीन.

गोव्याची खिडकी

आपलाही या पाण्यात पाय आहे. स्वालबार्डवरच्या न्यू-ओलेसुंड या वस्तीत भारताचं 'हिमाद्री' हे केंद्र २००८ पासून आहे. ते चालवतं वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. जर्मन-फ्रेंच केंद्रही त्याच वस्तीत आहे, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. समोरच्या कोंग्सफियोर्डमध्ये भारताने २०१४ मध्ये 'इंडआर्क' ही उपकरणांची साखळी पाण्याखाली नांगरली. पाण्याची ऊब, खारटपणा, प्रवाह यांची ती वर्षभर नोंद घेते, ध्रुवीय रात्रीतही, जेव्हा तिकडे बोटी फिरकत नाहीत. या फियोर्डमध्ये २००५-०६ च्या हिवाळ्यापासून अटलांटिकचं पाणी इतकं शिरू लागलं की पूर्वी हिवाळ्यात धरणारा बर्फ त्यानंतर बऱ्याचदा धरलाच नाही. रोबाडोर यांनी जे तापमान प्रयोगशाळेत वाढवलं, त्याची सौम्य आवृत्ती इथे खरोखर चालू आहे.

आणि एक नोंद, कारण कोणीतरी विचारेलच. २००९ मध्येच केसी ह्यूबर्ट यांच्या ब्रेमेनमधल्या गटाने स्वालबार्डचा गार चिखल मुद्दाम ५० अंशांना तापवला. त्यातून उष्णताप्रिय जीवाणू जागे झाले! कुठल्या तरी उष्ण जागेतून, बहुधा तळाखालच्या गरम थरांतून, त्यांचे बीजाणू वाहत येऊन त्या चिखलात झोपून असतात. समुद्र कितीही तापला तरी त्यांच्या पसंतीचं तापमान तिथे येणार नाही. म्हणजे गाळात कोणाचं नाव आहे आणि कोण कामावर आहे, या दोन वेगळ्या याद्या आहेत. नुसत्या जनुकांची यादी वाचून 'अमुक जीवाणू सापडला' अशा बातम्या येतात तेव्हा मी आता हे आठवतो.

घरी करून बघा

मुलांबरोबर करण्यासारखा एक प्रयोग सांगतो. विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाच्या नावाने तो ओळखला जातो. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतल्या 'वाट'मधून चिखल उचलू नका, तिथे नियम कडक आहेत. जवळच्या साध्या तळ्याच्या काठचा थोडा चिखल पुरतो. त्यात वर्तमानपत्राचे बारीक तुकडे (हे अन्न) आणि चमचाभर जिप्सम (हे सल्फेट) मिसळा. दोन सारख्या बरण्या भरा, वर थोडं पाणी ठेवा, झाकण सैल लावा आणि दोन्ही बरण्या काळ्या कागदात गुंडाळा, म्हणजे उजेडाचा फरक राहणार नाही. एक तळघरात ठेवा, एक बैठकीच्या खोलीत. दर रविवारी कागद सोडवून काळा थर किती चढला ते पट्टीने मोजा आणि वहीत लिहा.

आमच्याकडे बैठकीतली बरणी तिसऱ्या आठवड्यात काळी पडू लागली, तळघरातली मागे राहिली. मुलीचं म्हणणं, तळघरातल्या जीवाणूंना वेळ दिला तर तेही थंडीला सरावतील. मला शंका आहे, पण बरणी अजून टाकलेली नाही. फक्त एक करा, झाकण काढायचं असेल तेव्हा बाल्कनीत जाऊन काढा. शेजारच्या आजींना माहीमच्या खाडीची सवय नाही.